गप्प राहण्याची सोय

घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरला ब्लूटूथ जोडलं की पहिल्यांदा ऐकू येतं ते गाणं नसतं. एक बाई बोलते. ‘द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टु पेअर.’ आवाज ठणठणीत, इंग्रजी चिनी वळणाचं, आणि फोनवर आवाज कितीही कमी ठेवलेला असो, ती बोलणार आपल्याच पट्टीत. फोन जोडला की ती पुन्हा येते आणि जोडणी यशस्वी झाल्याचं जाहीर करते. फोन खिशात टाकून तुम्ही जिना उतरून खाली गेलात, जोडणी तुटली, की तिसऱ्यांदा. घरात बाळ नुकतंच झोपलं असेल तर या तिसऱ्या घोषणेचं काय होतं ते सांगायला नको.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘ब्लूटूथ किट’ मागितलं तर बहुधा हेच हातात येतं. पुढे काळी पट्टी, लाल आकड्यांचा डिस्प्ले, यूएसबीची खाच, कार्डाची खाच, एफएम, चार बटणं आणि सोबत पापडाइतका पातळ रिमोट. ४४४० चिपच्या बोर्डाला बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून ज्यांनी पहिला ॲम्प्लिफायर केला, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे ही पट्टी बसवली. पैशाच्या मानानं ती भरपूर देते, यात वाद नाही. पण त्या बाईंचं वाक्य बदलायचं म्हटलं तर बहुतेक किटांत सोय नसते. ते चिपच्या आत भरूनच येतं. चिपवरचा नंबर पुष्कळदा घासून टाकलेला असतो, त्यामुळे डेटाशीट शोधायची तरी कशाच्या आधारे? वाचायला मजकूरच नाही, तर रसग्रहण कशाचं करणार?

म्हणून आधी हे सांगून टाकतो की हा लेख अशा मॉड्यूलांचा आहे, ज्यांना वाचता येतं. ‘कस्टमायझेबल’ हा शब्द जाहिरातीत फार स्वस्त झाला आहे. नाव बदला, दिव्याचा रंग बदला, बटणांना कामं द्या, की झालं कस्टमायझेबल. माझी कसोटी उलट्या बाजूनं सुरू होते. या मॉड्यूलला मी काय काय करू नको म्हणून सांगू शकतो? ते कधी गप्प बसतं, कुणाच्या सांगण्यावरून बसतं आणि बसल्यावर खरोखर गप्प असतं का? घरचा ॲम्प्लिफायर संगीतासाठी असतो, आणि संगीत ऐकताना आपण निम्मा वेळ शांतता ऐकत असतो. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा चालू असतो, गायक अजून षड्ज लावतोय, त्या अर्ध्या मिनिटात मॉड्यूलचं सगळं चारित्र्य बाहेर पडतं.

या दृष्टीनं मी आवडीनं वाचलेला पहिला मजकूर म्हणजे आरएन५२ या मॉड्यूलची आज्ञावली. हे मॉड्यूल रोव्हिंग नेटवर्क्स या अमेरिकी कंपनीचं; २०१२ मध्ये ती कंपनी मायक्रोचिपनं घेतली. त्याच्याशी बोलायची रीत अशी: नऊ नंबरची जीपीआयओ पिन ग्राउंडला जोडायची, की सीरियल तारेवर ते ‘सीएमडी’ अशी तीन अक्षरं पाठवतं. म्हणजे बोला, ऐकतोय. पिन सोडली की ‘एंड’. आज्ञा पटली तर ‘एओके’, चुकली तर ‘ईआरआर’ आणि मुळीच कळली नाही तर नुसतं प्रश्नचिन्ह. एवढीच त्याची बोली. नाव ठेवायचं तर एस, एन, स्वल्पविराम आणि नाव. बदल केल्यावर ‘आर,१’ म्हणून त्याला पुन्हा सुरू करायचं, तोवर त्यातलं काही अमलात येत नाही. हा आग्रह मला चांगला वाटतो. गाणं चालू असताना मध्येच स्वभाव बदलणारं यंत्र कुणाला हवंय?

या आज्ञावलीतली सर्वांत सुंदर जागा मात्र एस आणि टक्क्याचं चिन्ह या आज्ञेत आहे. ती सोळा बिटांचा एक आकडा घेते, आणि प्रत्येक बिट म्हणजे एकेक सवय. त्यात एक बिट यंत्रणेचे सूचनाध्वनी बंद करणारा आहे. आणि एक वेगळा बिट, फक्त आवाज कमी-जास्त करताना येणारी ‘टूक टूक’ बंद करणारा. दोन निराळे बिट! ज्यानं हे आखलं त्याला दोन वेगळे वैताग ठाऊक होते. एखाद्याला जोडणी झाल्याची खूण हवी असते, पण आवाज वाढवताना गाण्यावर पडणारे टिपके नको असतात. अशा ठिकाणी डेटाशीटमागचा माणूस दिसतो.

आरएन५२ मधलं खटकणारं म्हणजे नाव वीस अक्षरांत बसवावं लागतं, तेही इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरून. शिवाय मॉड्यूल आता जुनं झालं आहे, ब्लूटूथच्या तिसऱ्या आवृत्तीचं. नवा प्रकल्प त्याच्यावर उभारावा असं मी कुणाला सांगणार नाही. पण मॉड्यूलची आज्ञावली कशी लिहिलेली असावी, हे पाहायला ती जरूर वाचावी.

सीएसआर८६४५ आणि त्याच्या भावंडांचा उल्लेख टाळता येणार नाही, कारण हौशी मंडळींत ‘चांगलं ब्लूटूथ’ म्हटलं की अजून हेच नाव निघतं. सीएसआर म्हणजे केंब्रिज सिलिकॉन रेडिओ. २०१५ पासून क्वालकॉमच्या पोटात. या चिपच्या सवयी ‘पीएस की’ नावाच्या शेकडो नोंदींत असतात, आणि त्या बदलायला एसपीआयचा वेगळा प्रोग्रॅमर, विंडोजवरचं सॉफ्टवेअर आणि भरपूर सहनशीलता लागते. बदलता सगळं येतं, त्या बाईंना कायमचं घरी पाठवणंसुद्धा. पण हा मजकूर परक्याला वाचू द्यायच्या हेतूनं लिहिलेला वाटत नाही. तो कारखान्यातल्या इंजिनिअरसाठी आहे, आणि आपण खिडकीतून डोकावत असतो.

सीएसआर घेणारे बहुतेक जण ‘ॲप्टएक्स’साठी घेतात. या कोडेकची, म्हणजे ध्वनी आटवून पाठवण्याच्या रीतीची, गोष्ट रंजक आहे. १९८० च्या दशकात बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत ते जन्मलं, रेडिओ स्टेशनांनी वापरलं, आणि १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’चा डीटीएस ध्वनी सिनेमागृहांत पोचवणाऱ्या सीडींवर त्याचंच तंत्र होतं. आता ब्लूटूथवर ते सेकंदाला ३५२ किलोबिट पाठवतं. सीडीचा प्रवाह सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिटांचा असतो, म्हणजे चारास एक. याउलट प्रत्येक ब्लूटूथ ऑडिओ यंत्रात सक्तीनं असावं लागणारं एसबीसी हे गरिबाघरचं कोडेक समजलं जातं. पण आकडा बघा. एसबीसी ध्वनीचे आठ पट्टे करतं आणि बिटांचा एक ठरावीक साठा, ज्याला ‘बिटपूल’ म्हणतात, त्या पट्ट्यांत गरजेप्रमाणे वाटतं. साठा ५३ चा असेल तर प्रवाह ३२८ किलोबिटांचा होतो. ३२८ आणि ३५२. या फरकासाठी दुसरं घर शोधण्यात मला अर्थ दिसत नाही. घरात आयफोन असेल तर ॲप्टएक्सचा विषयच संपला. आयफोन फक्त एसबीसी आणि एएसी बोलतो. तानपुऱ्याची जवारी कोणत्याही कोडेकची कठीण परीक्षा घेते, हे खरं. पण फोननं बिटपूल पूर्ण ठेवला असेल तर घरच्या स्पीकरवर एसबीसी त्या परीक्षेत माझ्या कानांना नापास वाटलेलं नाही. किरकिर करणारी वीज आणि चुकीचं ग्राउंड मात्र हमखास नापास करतं, आणि त्याबद्दल कोडेकच्या वादात कुणी बोलत नाही.

आता मुख्य मजकुराकडे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ ही चिप २०१६ मध्ये आली. ती ऑडिओसाठी बनवलेली नाही. दोन गाभ्यांचा, २४० मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा हा एक छोटा संगणकच आहे, आणि त्यात वायफायबरोबर जुन्या धाटणीचं, म्हणजे ‘क्लासिक’ ब्लूटूथ आहे. तिला ब्लूटूथ स्पीकर बनवणारी ईएसपी३२-एटूडीपी नावाची मोफत लायब्ररी आहे. तिच्या पहिल्या उदाहरणाचा गाभा तीन ओळींचा आहे. पहिली ओळ लायब्ररी बोलावते. दुसरी ब्लूटूथवरून ध्वनी घेणारी एक वस्तू निर्माण करते. तिसरी तिला ‘स्टार्ट’ म्हणते आणि कंसात नाव देते, ‘मायम्युझिक’. अर्डुइनोच्या पद्धतीप्रमाणे यापुढे ‘लूप’ हा भाग येतो, ज्यात यंत्रानं अखंड काय करत राहायचं ते लिहायचं असतं. इथे तो रिकामा आहे. महिरपी कंस उघडतो आणि लगेच बंद होतो.

मला या छोट्या कार्यक्रमात तो रिकामा कंसच सर्वांत जास्त बोलका वाटतो. फोन शोधणं, किल्ल्यांची देवाणघेवाण, त्या किल्ल्या वीज गेल्यावरही लक्षात ठेवणं, ७९ वाहिन्यांवरून सेकंदाला १,६०० उड्या मारत येणारा प्रवाह गोळा करणं, एसबीसी उलगडणं, हे सगळं मागे चाललेलं असतं आणि लेखकाच्या हातात ते काहीच देत नाही. तयार झालेला कार्यक्रम चिपमध्ये भरला की तो एक मेगाबाइटच्या आसपास जागा खातो. तीन ओळींच्या पोटात एवढं. पण माझ्या मुद्द्याला महत्त्वाचं निराळंच आहे. या कार्यक्रमात बोलणारी बाई नाही, आणि तिला बंद करणारी ओळही नाही. कुणी तिला लिहिलंच नाही. किटामध्ये बडबड मुळातच असते आणि शांतता मिळवावी लागते, बहुधा मिळत नाही. इथे शांतता आधीपासून आहे. आवाज हवा असेल तर तो तुम्ही लिहायचा. माझ्या लेखी निवडीचा निकाल इथेच लागतो.

त्या तीन ओळींत बदलायची पहिली गोष्ट अर्थात नाव. ब्लूटूथचं नाव यूटीएफ-८ या लिपिसंकेतात, जास्तीत जास्त २४८ बाइटांचं असू शकतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर-चिन्ह त्यात तीन बाइट घेतं. ‘माजघर’ लिहायचं तर म, काना, ज, घ, र अशी पाच चिन्हं, पंधरा बाइट. फोनच्या यादीत शेजाऱ्यांच्या टीव्ही-इयरफोनांच्या इंग्रजी नावांमध्ये ‘माजघर’ असं मराठीत उमटतं तेव्हा गंमत वाटते, आणि आजी-आजोबांना आपलं यंत्र कोणतं ते विचारावं लागत नाही. हीच लायब्ररी गाण्याचं नाव आणि गायकाचं नावही फोनकडून आणून देते. ती मात्र छोट्या ओलेड पडद्यावर दाखवायला जाल तर जपून: असे पडदे चालवणाऱ्या नेहमीच्या लायब्ऱ्या देवनागरीची चिन्हं एकापुढे एक मांडतात, जोडाक्षरं जुळवत नाहीत, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. ‘किशोरी’ वाचताना जीभ अडखळते. त्यापेक्षा पडदा नसलेला बरा, असं माझं मत आहे.

ईएसपी३२ मध्ये ध्वनी बाहेर काढायला दोन पिनांवर तयार डॅक, म्हणजे आकड्यांचा ध्वनी करणारा भाग, आहे. तो आठ बिटांचा आहे आणि तो वापरू नये. त्याच्या फुसफुशीत तानपुरा बुडतो. आय२एसच्या तीन तारा काढाव्यात. ही पद्धत फिलिप्सनं १९८६ मध्ये ठरवली आणि अजून तशीच टिकून आहे: एका तारेवर बिटांचा ताल, दुसरीवर डावं की उजवं याची खूण, तिसरीवर प्रत्यक्ष ध्वनी. या तीन तारांच्या दुसऱ्या टोकाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम५१०२ए ही डॅक चिप. ती जांभळ्या रंगाच्या लहानशा बोर्डावर सहज मिळते.

या जांभळ्या बोर्डाच्या पाठीवर चार जोडण्या असतात, प्रत्येकीला एच आणि एल अशा दोन बाजू, आणि कुठे कथिल टाकायचं ते तुम्ही ठरवायचं. पहिली फिल्टरची, दुसरी डी-एम्फसिसची, चौथी आय२एसच्या मांडणीची. या तिन्ही एल. तिसरी मात्र एच. ही एक्सएसएमटी पिन, म्हणजे सॉफ्ट म्यूट. ती खाली ओढली की चिप गप्प बसते. पण बसते कशी, ते वाचण्यासारखं आहे. ती ध्वनी तोडून टाकत नाही. प्रत्येक नमुन्याला एकेक डेसिबेल उतरवत १०४ नमुन्यांत शून्यावर येते. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर हे अडीच मिलिसेकंदांच्याही आत उरकतं. कानाला उतार कळत नाही, पण ‘टक्’ होत नाही, एवढं कळतं. आणि उतरून झाल्यावर ती आपला ॲनालॉग मार्गही बंद करते. चार डॉलरचा असो की चारशेचा, डॅक बनवणारे सहसा सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराची फुशारकी मारतात. इथे ते ११२ डेसिबेल दिलेलं आहेच. पण त्याच पानावर म्यूट झाल्यानंतरचं गुणोत्तर वेगळं दिलं आहे, १२३ डेसिबेल. शांततेला स्वतःचा आकडा देणारा डेटाशीट-लेखक मला आपला वाटतो.

बहुतेक जण तिसऱ्या जोडणीवर कथिल टाकून एच करतात आणि विसरून जातात. मी म्हणेन, ती उघडी ठेवा. एक्सएसएमटीची तार काढून ईएसपी३२ च्या एका पिनला द्या, आणि त्या तारेवरून ग्राउंडला दहा किलोओहमचा रेझिस्टर लावा. सुरू होताना ईएसपी३२ च्या पिना काही क्षण कुणाच्याच नसतात. तेवढ्यात रेझिस्टर डॅकला गप्प ठेवतो. मग लायब्ररीत जोडणीची स्थिती बदलली की आपलं फंक्शन बोलावण्याची जी सोय आहे, तिच्यात लिहायचं: फोन जुळला तर पिन वर, तुटला तर खाली.

इथून साखळी पुढे ॲम्प्लिफायरपर्यंत नेता येते. घरी बांधणाऱ्यांची आवडती एलएम३८८६ चिप घ्या. तिची आठवी पिन म्यूटची, आणि तिचा स्वभाव मला फार रुचतो: आठव्या पिनेतून अर्धा मिलिॲम्पिअर तरी प्रवाह बाहेर ओढला तरच ती गाते. पिन मोकळी सोडली तर गप्प. म्हणजे तीही मुळात मौनी. टीपीए३११६डी२ सारख्या क्लास-डी चिपलाही म्यूटची पिन असते, पण तिची दिशा उलटी, व्होल्टेज दिलं की गप्प. ईएसपी३२ मधून दोन पिना काढल्या की क्रम लावता येतो. सुरू होताना आधी डॅक, मग ॲम्प्लिफायर. बंद होताना आधी ॲम्प्लिफायर. स्पीकरमधला तो ‘धप्प’ आवाज या क्रमानं जातो. आणि आठव्या पिनेचा प्रवाह ऋण बाजूकडे जातो, त्यामुळे तिथे ईएसपी३२ ची तार थेट टेकवू नका. मध्ये ऑप्टोकपलर किंवा छोटा रिले हवा.

पातळ्यांचाही थोडा हिशेब. पीसीएम५१०२ए पूर्ण आवाजात २.१ व्होल्ट देते. एलएम३८८६ चं परिपथ नेहमीप्रमाणे २१ पटींचं असेल आणि वीजपुरवठा अधिक-उणे २८ व्होल्टचा असेल, तर चार ओहमच्या स्पीकरवर ६८ वॉट मिळायला तिला आत जेमतेम पाऊण-एक व्होल्ट पुरतं. म्हणजे डॅकचा आवाज अडीच पटींहून जास्त आहे. लोक काय करतात, तर फोनवर आवाज कमी ठेवतात. त्यात गाणं लहान होतं, डॅकचा आणि तारांचा गोंगाट होता तेवढाच राहतो. त्याऐवजी डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये दोन रेझिस्टरांचा भाजक किंवा साधा दहा किलोओहमचा लॉग पॉट टाकला तर दोन्ही एकत्र खाली येतात. फोन वर ठेवा, पॉटवर ऐका. फोनचा आवाज आणि मॉड्यूलचा आवाज एकाच दांडीला जोडणारी जी ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ची सोय आहे, ती अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांतून बंदही करता येते, आणि पॉटवाल्यांनी ती करावी.

एवढं करूनही किरकिर येऊ शकते, आणि आली तर ती बहुधा ग्राउंडमधून येते. ईएसपी३२ वीज सलग पीत नाही, घोट घोट घेते. रेडिओ पाठवताना शंभर मिलिॲम्पिअरच्या वर, नाहीतर कमी. हा धक्क्याधक्क्यांचा प्रवाह ज्या तारेनं परत जातो, तीच तार ध्वनीचीही ग्राउंड असेल तर धक्के स्पीकरात ऐकू येतात. मोठा कपॅसिटर लावून हे क्वचितच जातं. ब्लूटूथला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर द्यावा, किंवा बी०५०५एस सारखा पाच व्होल्टातून पाच व्होल्टच देणारा विलग कन्व्हर्टर. तो एक वॉटचा म्हणजे २०० मिलिॲम्पिअरचाच असतो. वायफाय बंद ठेवा, नाहीतर त्याला झेपणार नाही. ॲम्प्लिफायरच्या चोवीस व्होल्टांवरून ७८०५ नं पाच व्होल्ट काढायचा मोह आवरावा. १३० मिलिॲम्पिअरला त्यात अडीच वॉट उष्णता होते, आणि ग्राउंड एकच राहतं ते वेगळंच. सीएसआर किंवा आरएन५२ घेणाऱ्यांसाठी आणखी एक: त्यांच्या प्रत्येक वाहिनीला अधिक आणि उणे अशा दोन तारा असतात, आणि उण्याची तार ग्राउंडला जोडायची नसते. ती दोन्ही तारांमधला फरक घेणाऱ्या ऑपॲम्पला, एनई५५३२ सारख्याला, द्यायची. ते केलं की तारांत दोघींत सारखा शिरलेला गोंगाट आपोआप वजा होतो.

तपासायची रीत सोपी आहे. फोन जोडा, गाणं थांबवा, पॉट पूर्ण उघडा आणि कान ट्वीटरजवळ न्या. मग म्यूट तात्पुरतं उघडं ठेवून, फोन न जोडता तेच करा. दोन्हींत फरक ऐकू आला तर दोष तुमच्या विजेत आहे, मॉड्यूलमध्ये नाही. ॲल्युमिनियमच्या पेटीत बांधत असाल तर अँटेना बाहेर हवी. बोर्डाच्या ज्या टोकाला तांब्याची नागमोडी रेघ असते ते टोक पेटीच्या भिंतीपासून दूर, प्लॅस्टिकच्या खिडकीमागे ठेवा, किंवा बाहेर अँटेना जोडायची खाच असलेला प्रकार घ्या.

रसग्रहणात दोष सांगायचे असतात, तेही सांगतो. ईएसपी३२ ची ही लायब्ररी सरळ वापरली तर एसबीसीच बोलते. सिनेमा पाहताना ओठ आणि आवाज थोडे मागेपुढे होतात. वीज दिल्यावर तयार व्हायला दम खाते. सूचना नसल्यामुळे जुळलं की नाही ते घरच्यांना कळत नाही. एक दिवा द्यावाच लागतो. अर्डुइनोचा ईएसपी३२ गाभा तिसऱ्या आवृत्तीवर गेला तेव्हा आय२एसचा जुना रस्ता बदलला आणि नेटवरची कित्येक तयार उदाहरणं चालेनाशी झाली, म्हणून चालू असलेल्या कार्यक्रमासोबत आवृत्त्यांचे आकडे लिहून ठेवा आणि पिनांचे नंबर लायब्ररीवर न सोडता स्वतः द्या. इमारतीत राहत असाल तर अजून एक गोष्ट: मुळातली जोडणी कुणालाही होऊ देते. वरच्या मजल्यावरचा उत्साही पोरगा तुमच्या ‘माजघरा’त आपली गाणी वाजवू शकतो. बटण दाबल्यावरच यंत्र इतरांना दिसेल, असं दोन-चार ओळींत करता येतं, आणि करावं.

ज्यांना यूएसबी, कार्ड, एफएम, रिमोट हे सगळं एका पट्टीवर हवंय, गच्चीवरच्या वाढदिवसाला ॲम्प्लिफायर न्यायचाय, त्यांनी खुशाल किट घ्यावं. तिथल्या गोंगाटात त्या बाईंचं वाक्य कुणाला खुपत नाही. ज्यांना पेटीसमोर बसून ऐकायचं आहे, त्यांच्यासाठी मी ईएसपी३२ आणि पीसीएम५१०२ए याच जोडीच्या बाजूनं आहे. दुकानात मागताना मात्र नाव पूर्ण सांगा: ईएसपी३२-डब्ल्यूरूम-३२. विक्रेता ‘नवीन आहे, घेऊन जा’ म्हणत एस३ किंवा सी३ पुढे करील, तर नको म्हणा. त्या दोन्हींत क्लासिक ब्लूटूथ नाही, आणि फोनवरून हे संगीत त्यांच्यावर येणार नाही.